आंतरविद्याशाखीय शाश्वतता प्रकल्प महाविद्यालयात कसा उभारावा: शेततळ्यांच्या पाण्याचे उदाहरण घेऊन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प अभ्यासक्रमात आले, आणि नाशिक जिल्ह्यातील अनेक महाविद्यालयांत ‘शाश्वत विकास’ या नावाखाली तीन-चार विभागांनी मिळून प्रकल्प हाती घेतले. त्यांपैकी बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. वनस्पतिशास्त्र झाडांची यादी करते, रसायनशास्त्र पाणी तपासते, अर्थशास्त्र प्रश्नावली भरून घेते, आणि मार्च महिन्यात हे सगळे एका वेष्टनात बांधून त्यावर ‘आंतरविद्याशाखीय’ असे लिहिले जाते. असा अहवाल तपासण्याची एक साधी कसोटी आहे: एका विभागाचा आकडा बदलला, तर दुसऱ्या विभागाचा निष्कर्ष बदलतो का? बदलत नसेल, तर ते चार स्वतंत्र प्रकल्प आहेत आणि ते स्वतंत्रच सादर करणे अधिक प्रामाणिक आहे.

पुढील क्रम नाशिकच्या पूर्व भागातील, म्हणजे सिन्नर, चांदवड, येवला या पट्ट्यातील एखाद्या बागायती गावाचे उदाहरण समोर ठेवून लिहिला आहे. विषय वेगळा असला तरी क्रम बदलू नये.

टप्पा १: विषय बाजूला ठेवून प्रश्न लिहा

‘शेततळी आणि शाश्वत शेती’ हा विषय झाला. त्यावर वर्षभर माहिती गोळा करता येते आणि शेवटी काय शोधले हे सांगता येत नाही. प्रश्न असा लिहावा लागतो: ‘या गावातील अस्तरीकरण केलेली शेततळी कोणत्या पाण्याने आणि कोणत्या महिन्यांत भरली जातात, त्यांतील किती पाणी पिकापर्यंत पोहोचते, आणि त्या भरण्यामुळे शेजारच्या विहिरी लवकर खाली जातात का?’

या प्रश्नात तीन भाग आहेत आणि कोणताही विभाग एकट्याने तो सोडवू शकत नाही. शेततळ्याची मूळ कल्पना वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याची आहे; परंतु प्लास्टिकचा कागद अंथरलेली तळी अनेक ठिकाणी पावसाळ्यात आणि त्यानंतर विहिरी-बोअरचे पाणी उपसून भरली जातात. भूगर्भात झाकलेले पाणी उन्हात उघडे पडते आणि त्याचा काही भाग वाफ होऊन जातो. दुसऱ्या बाजूला, एप्रिलमधील खरड छाटणीनंतर द्राक्षवेलीला ऐन उन्हाळ्यात पाणी मिळाले नाही तर पुढच्या हंगामाची घडनिर्मितीच धोक्यात येते, त्यामुळे ज्याने बागेवर कर्ज काढले आहे त्याच्या दृष्टीने तळे भरून ठेवणे हा पूर्णपणे शहाणपणाचा निर्णय असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्या प्रश्नात आरोपी आधीच ठरलेला असतो त्यावर विद्यार्थी फक्त पुरावे गोळा करतात, संशोधन करत नाहीत.

पडताळणी: प्रश्न एका वाक्यात गावच्या एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवावा. त्याला तो समजला नाही, तर अजून तयार झालेला नाही.

टप्पा २: देणे-घेणे तक्ता तयार करा

सहभागी विभागांची पहिली बैठक समित्या नेमण्यासाठी नसावी. त्या बैठकीत एकच तक्ता पूर्ण करावा: कोणता विभाग कोणत्या विभागाला कोणता आकडा, कोणत्या एककात, कोणत्या तारखेपर्यंत देणार. आपल्या उदाहरणात तो साधारण असा होतो. भूगोल विभाग उपग्रहप्रतिमांवरून गावातील तळ्यांची जागा आणि वरच्या कडेचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये गणित विभागाला देतो. गणित विभाग त्यावरून तळ्याचे घनफळ काढतो आणि ते अर्थशास्त्राला देतो. अर्थशास्त्र विभाग पंपाचे तास, वीज आणि पिकाचा खर्च नोंदवतो, आणि पंपाचे तास भूशास्त्राकडे परत जातात, कारण त्याशिवाय विहिरीच्या पातळीचा अर्थ लागत नाही.

मराठी आणि समाजशास्त्र या विभागांना शेवटी ‘अहवालाची भाषा तपासा’ म्हणून बोलावण्याची पद्धत सोडून द्यावी. मुलाखतींचे शब्दांकन हाच या प्रकल्पातील सर्वांत कठीण भाग आहे. विहीर खोदणारे लोक खडकाचे जे वर्णन करतात, मुरूम किती लागला, मांजऱ्या (मऊ खडकाचा थर) कुठे संपला, कातळ कुठे सुरू झाला, झरा कोणत्या बाजूने आला, ते नीट उतरवून घेतले तर भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या विहिरीचा जवळजवळ संपूर्ण उभा छेद मिळतो. तेच वर्णन ‘खडकाळ जमीन’ असे संक्षिप्त केले की माहिती कायमची गेली.

खबरदारी: ज्या विभागाच्या रकान्यात केवळ ‘घेणे’ आहे आणि ‘देणे’ नाही, किंवा उलट, त्याची भूमिका पुन्हा ठरवावी.

टप्पा ३: सत्राचे आणि पाण्याचे वेळापत्रक एकत्र मांडा

सर्वाधिक प्रकल्प येथे बिघडतात, म्हणून या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा. विद्यापीठाचे सत्र आणि पाण्याचे वर्ष जुळत नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते, कारण पावसाळ्यानंतरची सर्वांत वरची आणि पावसाळ्यापूर्वीची सर्वांत खालची पातळी त्यात पकडली जाते. महाविद्यालयात मात्र ऑक्टोबरमध्ये सत्रपरीक्षा आणि पाठोपाठ दिवाळीची सुट्टी असते, तर मे महिन्यात विद्यार्थी गावी गेलेले असतात. परिणामी प्रकल्प डिसेंबर-जानेवारीत सुरू होतो, फेब्रुवारीत एकदा मोजणी होते, आणि त्या एका मोजणीवरून ‘भूजल खालावत आहे’ असा निष्कर्ष लिहिला जातो. फेब्रुवारीत पाणी खाली जाणे हा ऋतुक्रम आहे. त्यावरून वर्षानुवर्षांची घसरण सिद्ध होत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे प्रकल्प जुलैमध्ये सुरू करून दोन्ही सत्रांत चालवणे आणि ऑक्टोबरची मोजणी परीक्षेच्या आधीच्या रविवारी करून घेणे. मे महिन्यासाठी त्याच तालुक्यात राहणारे दोन विद्यार्थी निवडून त्यांचा प्रवासखर्च आधीच मंजूर करून ठेवावा. दुसरा मार्ग, जो मला अधिक योग्य वाटतो, तो म्हणजे प्रकल्प तीन वर्षांचा मानणे आणि प्रत्येक तुकडीने त्याच विहिरी, त्याच खुणेपासून मोजणे. एका तुकडीला पूर्ण उत्तर मिळत नाही, पण तिच्या नोंदी पुढच्या तुकडीला लागतात, आणि शाश्वततेचा कोणताही प्रश्न एका सत्रात सुटण्याइतका लहान नसतो.

श्रेयांकांचा हिशेबही याच वेळी करावा. क्षेत्रकामाचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तास, म्हणून दोन श्रेयांकांना ६० तास मिळतात. त्यांपैकी पूर्वतयारीला १०, प्रत्यक्ष क्षेत्रकामाला २४, मुलाखतींच्या शब्दांकनाला ८, एकत्रित विश्लेषणाला १२ आणि गावातील सादरीकरणाला ६ तास, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. नाशिकहून येवल्याला जाण्या-येण्याचा वेळ क्षेत्रकामात धरू नये; तो धरला की मोजणीला तासभरही उरत नाही.

पडताळणी: गावच्या पीकक्रमावर नजर टाकावी. ऑक्टोबरमधील द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) दिवसांत किंवा उन्हाळ कांद्याच्या काढणीत कोणालाही मुलाखतीसाठी वेळ नसतो.

टप्पा ४: एकके आणि नोंदपत्रक एकच ठेवा

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो, धरणाचा साठा कुठे दशलक्ष घनफुटांत, कुठे दशलक्ष घनमीटरमध्ये, तर वर्तमानपत्रात टीएमसीमध्ये येतो. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजेच सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. गावपातळीवरील कामासाठी क्षेत्र चौरस मीटरमध्ये, पाणी घनमीटरमध्ये आणि खोली मीटरमध्ये लिहावी, आणि सांगणाऱ्याने दिलेला मूळ आकडा व एकक शेजारच्या रकान्यात जसेच्या तसे ठेवावे. कोणी विहीर ‘आठ परस’ सांगितली तर तिला एखाद्या ठरीव संख्येने गुणू नये. परस हे माणसाच्या उंचीवर आधारलेले माप आहे आणि ते माणसागणिक बदलते. टेप सोडून मोजावे.

तळ्याचे घनफळ काढताना हमखास होणारी चूक म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली यांचा थेट गुणाकार. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्याचे उत्तर अशाने २,७०० घनमीटर येते. पण तळ्याच्या बाजू उतरत्या असतात. उतार एकास एक धरला तर तळाची बाजू २४ मीटर होते, मधल्या उंचीवरची २७ मीटर, आणि वरचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ व मधल्या क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करून तिला खोलीने गुणून सहाने भागले की २,१९६ घनमीटर हे खरे उत्तर मिळते. पाचशे घनमीटरचा हा फरक पुढच्या प्रत्येक गणितात शिरतो. बाजूंचा उतार प्रत्येक तळ्याला वेगळा असू शकतो, म्हणून तो नोंदपत्रकात स्वतंत्र रकाना करून लिहावा.

टप्पा ५: गावाची संमती घ्या

ग्रामपंचायतीला प्राचार्यांच्या सहीचे पत्र द्यावे, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना भेटावे. पण एवढ्याने संमती मिळाली असे समजू नये. विहिरीच्या खोलीची आणि बोअरच्या संख्येची चौकशी करणारा माणूस तहसील कार्यालयातून आला असावा, असे शेतकऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. राज्यात भूजलाचे नियमन करणारा २००९ चा कायदा आहे, आणि त्याआधीच्या १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई केली होती, हे गावात बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून प्रत्येकाला मराठीत, एका पानावर, तीन गोष्टी लिहून द्याव्यात: नोंदी कोण ठेवणार, अहवालात नाव आणि गट क्रमांक येणार नाहीत, आणि केव्हाही माघार घेता येईल.

खबरदारी: नकाशावर तळ्याची अचूक जागा छापली की नाव न लिहिताही मालक ओळखू येतो. प्रकाशित नकाशात ठिकाणे शिवारनिहाय एकत्र करून दाखवावीत.

टप्पा ६: सर्व विभागांनी मिळून एक चाचणी फेरी

दोन विहिरी, एक तळे आणि तीन मुलाखती एवढेच या फेरीत करावे. या दिवशी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टेप धरावा आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारावेत. प्रश्नावलीतील निम्मे प्रश्न अशा वेळी निरुपयोगी ठरतात, आणि ते येथेच ठरलेले बरे.

टप्पा ७: क्षेत्रकाम

विहिरी. पातळी पंप बंद असतानाच मोजावी आणि पंप बंद होऊन किती वेळ झाला तो आकडा प्रत्येक नोंदीसोबत लिहावा. त्याविना नोंद रद्द समजावी. मोजणी कठड्याच्या वरून केली असेल तर कठड्याची उंची वजा करावी, कारण काही विहिरींना कठडा असतो, काहींना नसतो, आणि दोघींची तुलना जमिनीच्या पातळीपासूनच होऊ शकते. शेतीपंपांना वीज ठरावीक तासच मिळते व त्या वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून वीज केव्हा येणार ते विचारावे. शक्य असेल तेथे उपसा थांबल्यावर दर पंधरा मिनिटांनी पाणी किती चढते ते मोजावे. विहीर किती वेगाने भरून येते हा आकडा एकट्या पातळीपेक्षा खूप अधिक सांगतो.

पंपाचा विसर्ग त्यावरच्या अश्वशक्तीच्या पट्टीवरून ठरवू नये. २०० लिटरचा पिंप भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

धोका: अनेक पंपांना ऑटो स्विच असतो आणि वीज येताच पंप आपोआप सुरू होतो. मोजणीपूर्वी मालकाकडून तो बंद करून घ्यावा. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर एका वेळी दोघांहून अधिक जण थांबू नयेत.

शेततळी. अस्तरीकरण असलेल्या तळ्यातून पाणी जमिनीत मुरत नाही, म्हणून ज्या दिवशी तळ्यात पाणी सोडलेले नाही आणि बाहेरही काढलेले नाही त्या दिवशी पातळीतील घट ही जवळजवळ सगळी बाष्पीभवनाची असते. काठावर मोजपट्टी बसवून सकाळ-संध्याकाळ नोंद घ्यावी. पातळी समजा रोज ५ मिलिमीटर उतरत असेल, तर ३० × ३० मीटरच्या भरलेल्या तळ्यातून दिवसाला ४.५ घनमीटर, म्हणजे ४,५०० लिटर पाणी जाते. पाणी उतरते तसा पृष्ठभाग लहान होतो, म्हणून हा आकडा संपूर्ण उन्हाळ्याला सरसकट लावू नये. दर पंधरवड्याला क्षेत्रफळ नव्याने काढावे. रात्रीची घट दिवसाच्या बरोबरीने येत असेल, तर कागद फाटून गळती होत असण्याची शक्यता तपासावी, कारण बाष्पीभवन रात्री मंदावते आणि गळती मंदावत नाही.

धोका: प्लास्टिकच्या ओल्या उतारावर पाय ठरत नाही आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेततळ्यांत बुडून मृत्यू होतात. कुंपण, दोर आणि हवा भरलेली ट्यूब या तिन्ही गोष्टी नसतील तेथे मोजणी करू नये, आणि विद्यार्थ्याला कोणत्याही कारणाने उतारावर उतरू देऊ नये. मोजपट्टी मालकाच्या किंवा प्रशिक्षित माणसाच्या हातून, तळे रिकामे असताना बसवून घ्यावी.

मुलाखती. ‘पाणी पुरते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते आणि त्याचा काही उपयोग होत नाही. ‘गेल्या दिवाळीला विहिरीत पाणी कुठपर्यंत होते? होळीला? अक्षय्य तृतीयेला पंप किती वेळ चालत होता?’ असे विचारले की माणूस आठवून सांगतो, कारण शेतीतील आठवण तारखांपेक्षा सणांना धरून असते. ‘यंदा टँकर कधी सुरू झाला?’ हा प्रश्न घरातील बाईला विचारावा. ज्यांच्याकडे तळे नाही, ज्यांच्याकडे विहीरही नाही, आणि छाटणीच्या हंगामात सुरगाणा-पेठ भागातून कामासाठी येणारी कुटुंबे, या तिघांच्या मुलाखती नसतील तर प्रकल्पाने फक्त तळेवाल्यांचे म्हणणे नोंदवले, असे होईल.

पडताळणी: त्याच दिवशी संध्याकाळी, गाव सोडण्यापूर्वी, दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी परस्परांची नोंदपत्रके वाचावीत. राहिलेला आकडा तेव्हाच मिळतो. नाशिकला पोहोचल्यावर तो अंदाजाने भरला जातो.

टप्पा ८: जोडणी

सर्व आकडे एकाच तक्त्यात आणून तळ्यानिहाय जमाखर्च मांडावा. जमेच्या बाजूला थेट पडलेला पाऊस, ओढ्यातून घेतलेले पाणी आणि विहीर-बोअरमधून उपसलेले पाणी. खर्चाच्या बाजूला पिकाला दिलेले, वाफ झालेले आणि शिल्लक. दोन्ही बाजू जुळणार नाहीत. किती जुळत नाहीत हे लिहावे आणि त्याचे कारण शोधावे. बहुतेक वेळा पंपाचे तास सांगण्यात आणि प्रत्यक्षात फरक निघतो, आणि तो शोधायला अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुन्हा गावात जावे लागते. विभाग खऱ्या अर्थाने एकमेकांवर अवलंबून आहेत हे विद्यार्थ्यांना येथे प्रथम कळते.

विहिरींवरील परिणामाबाबत विशेष सावधगिरी हवी. हा बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरांपासून झालेल्या खडकाचा, प्रदेश आहे. शंभर मीटरवरच्या दोन विहिरी खडकाच्या वेगवेगळ्या थरांतून पाणी घेत असू शकतात. त्यामुळे तळ्याजवळच्या विहिरींची तुलना तशाच उंचीवरच्या, तशाच खडकातल्या, पण जवळ तळे नसलेल्या विहिरींशी करावी, आणि तरीही ‘तळ्यांमुळे विहिरी आटल्या’ असे न लिहिता ‘तळ्यांजवळच्या विहिरी ऑक्टोबर ते जानेवारी या काळात इतक्या मीटरने अधिक उतरलेल्या आढळल्या’ एवढेच लिहावे.

वेळ उरल्यास हाच जमाखर्च मोठ्या नकाशावर ठेवून वर्गात चर्चा घ्यावी. जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरमधील धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि त्यामागे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा आहे. वरचा शेतकरी आणि खालचा शेतकरी यांच्यातील हाच ताण गावात तळे असलेला आणि नसलेला यांच्यात दिसतो.

टप्पा ९: मूल्यमापन

क्षेत्रवही वैयक्तिक तपासावी, नोंदपत्रक जोडीचे, आणि अहवाल गटाचा. तोंडी परीक्षा दोन वेगवेगळ्या विभागांच्या शिक्षकांनी एकत्र घ्यावी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या विभागाबाहेरचा किमान एक प्रश्न विचारावा: अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला कठड्याची उंची का वजा केली, भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला तळे भरण्याचा निर्णय शेतकऱ्याने कोणत्या हिशेबाने घेतला. न जुळलेला जमाखर्च प्रामाणिकपणे मांडणाऱ्या गटाला, आकडे ओढून जुळवणाऱ्या गटापेक्षा अधिक गुण मिळतील हे पहिल्याच दिवशी जाहीर करावे. ते जाहीर केले नाही, तर आकडे जुळवलेलेच येतात.

टप्पा १०: गावाला परत आणि पुढच्या तुकडीच्या हाती

निष्कर्ष गावात चार पानांच्या मराठी पत्रकात द्यावेत आणि ग्रामसभेत मांडावेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरण्याची प्रथा आहे. सत्राच्या सोयीने १ मे जमतो, परंतु तेव्हा मे महिन्याची मोजणी झालेली नसते, म्हणून संपूर्ण वर्षाचे निष्कर्ष १५ ऑगस्टला मांडणे बरे. सादरीकरण विद्यार्थ्यांनीच करावे, आणि शेतकऱ्यांनी घेतलेल्या हरकती अहवालाच्या शेवटी जशाच्या तशा जोडाव्यात.

पुढच्या तुकडीसाठीच्या संचिकेत पाच गोष्टी असाव्यात: कोरे नोंदपत्रक, भरलेली सर्व नोंदपत्रके, संमतिपत्रे, देणे-घेणे तक्ता, आणि प्रत्येक विहिरीच्या मोजणीखुणेचे छायाचित्र. कठड्यावर तैलरंगाने केलेली खूण एक-दोन पावसाळ्यांत पुसट होते, म्हणून छायाचित्रासोबत ती कोणत्या कोपऱ्यात आहे आणि जमिनीपासून किती सेंटिमीटरवर आहे, हेही लिहून ठेवावे.